फोटोतली सायकल

असं समजा, की तुमच्या हातात काड्यापेटीएवढी एक पुठ्ठ्याची चौकट आहे. मध्ये काळपट फिल्मचा तुकडा. तो उजेडासमोर धरायचा. एक हिरवट-निळं डिझेल इंजिन दिसेल, मागे चार डबे, ओला फलाट. आता मऊ ब्रशने धूळ झाडा, फुंकर मात्र मारू नका, थुंकीचा ठिपका बसला की जात नाही. सुलटी बाजू बघून चौकट स्कॅनरमध्ये ठेवा. चित्र पडद्यावर आलं की खाली चार गोष्टी लिहा: इंजिनाचा नंबर, जागा, तारीख, आणि फोटो कोणी काढला त्याचं नाव. झालं. कळ दाबा. पाच-सहाशे माणसं वाटच बघत असतात.

इंग्लंडातल्या मिरफील्डचा जेराल्ड ऑर्मरॉड हे काम रोज सकाळी नाश्त्यानंतर करायचा. वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी यॉर्कशरमध्येच, सिग्नलच्या तारा जोडण्यात गेलेली. मागच्या खोलीत बुटांच्या सव्वीस खोक्यांत त्याच्या स्लाइड्स होत्या. इंटरनेटवरच्या जुन्या रेल्वेच्या गटात तो रोज एक टाकायचा. लोक त्याला मान देत, कारण त्याने फुगीर नाकाची, एकाच जातीची दोनशेच्या दोनशे इंजिनं पाहिलेली होती.

हे 'पाहणं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. या लोकांकडे एक खिशात मावणारं पुस्तक असतं. त्यात देशातल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर छापलेला. इंजिन स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, नंबर वाचला, की घरी येऊन त्या नंबराखाली पट्टीने रेघ ओढायची. फोटो पाहून नाही, मित्राने सांगितलं म्हणून नाही. या खेळात पंच नसतो. रेघ ओढणारा आणि त्याचं मन, एवढेच दोघे. म्हणून तर रेघेला किंमत.

जेराल्डच्या पुस्तकात एकशे नव्वद या नंबराखाली लाल रेघ होती, आणि ते इंजिन त्याने कधीच पाहिलेलं नव्हतं.

एकोणपन्नास वर्षं ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. बायकोलाही सांगितली नव्हती. मार्च महिन्यात गटातल्या कुणीतरी लिहिलं, "ऑर्मरॉडसाहेब, दोनशेवं कुठलं होतं? त्याचा फोटो टाका की एकदा!" मग एकामागून एक सगळेच मागे लागले. जेराल्ड चार दिवस टाळत राहिला. पाचव्या दिवशी त्याने एकोणिसाव्या खोक्यातून एक स्लाइड काढली. एकशे नव्वद, मिरफील्डचा फलाट, सुरेख तिरपं ऊन. स्लाइड त्याच्याकडे होती, पण काढली होती नेव्हिल सग्डेनने, त्याच्या जिवलग मित्राने. लागोपाठ दोन फोटो काढून त्यातला एक जेराल्डला दिला होता. "घे, तू मेव्हणीच्या लग्नात केक खात होतास तेव्हा काय गेलं ते बघ," असं वर चिडवलंही होतं.

जेराल्डने खाली लिहिलं: एकशे नव्वद, मिरफील्ड, सप्टेंबर १९७६. फोटो: जी. ऑर्मरॉड.

कळ त्याने एका दमात दाबली. याचंच त्याला नंतर नवल वाटलं.

दुपारपर्यंत तीनशे जणांनी पसंतीचे अंगठे दिले. मग टॅम्सिन होलरॉइड नावाच्या मुलीने लिहिलं. वय सव्वीस, सिग्नल इंजिनिअर, म्हणजे जेराल्डच्याच धंद्यातली. "काय फोटो आहे! एकच शंका. इंजिनाच्या नाकावरच्या पेटीत गाडीचा क्रमांक दिसतोय. पण शहात्तरच्या जानेवारीपासून ते क्रमांक दाखवणं बंद झालं ना? सगळ्या पेट्यांत चार शून्यं असायची. तारखेत काही गडबड झाली का?"

जेराल्डचे कान तापले. नाकावरचा क्रमांक! चाळीस वर्षं सिग्नलमध्ये काढलेल्या माणसाला तो दिसू नये? दिसला होता, पण त्याने पाहिला नव्हता. त्याचं सगळं लक्ष खालच्या नावाकडे होतं.

"जेराल्ड, चहा ठेवलाय तो गार झाला," ब्रेंडा दारात येऊन म्हणाली. "आणि मी आले की तो लॅपटॉप का मिटतोस रे? या वयात काय बघतोस असं?"

"इंजिनं," तो म्हणाला.

"इंजिनं बघताना माणूस असा लाल होत नाही." आणि हसत ती गेली.

सुटका सोपी होती. त्याने तारीख बदलून ऑगस्ट १९७५ केली आणि लिहिलं, "बरोबर आहे पोरी, म्हातारपण." लगेच टॅम्सिनचं उत्तर आलं: "माफ करा हं, मोठ्या माणसाची चूक काढली. मला तुमच्याइतकं थोडंच कळतं. तुमच्या स्लाइड्स बघूनच मी या नोकरीत आले."

ते वाचून जेराल्ड उठला आणि उगाचच परसात जाऊन उभा राहिला. खोटं पकडलं गेलं असतं तर सोसलं असतं. इथे खरं बोलणारी पोर त्याची माफी मागत होती.

संध्याकाळी आणखी एक टिप्पणी आली, नेव्हिलच्या मुलीची, जिलियनची. नेव्हिल आता क्लेकहीटनच्या वृद्धाश्रमात होता आणि त्याची नजर जवळजवळ गेलेली होती. जिलियन भेटायला गेली की गटातले फोटो त्याला वर्णन करून सांगायची. तिने लिहिलं होतं: "जेराल्डकाका, बाबांना तुमचा फोटो सांगितला. ते विचारतायत, उजव्या कोपऱ्यात दिव्याच्या खांबाला सायकल टेकवलेली आहे का?"

जेराल्डने चित्र मोठं केलं. उजव्या कोपऱ्यात अर्धं चाक होतं, आणि त्यावर चामड्याची पिशवी. नेव्हिलची सायकल. ती पिशवी जेराल्डनेच त्याला वाढदिवसाला दिलेली.

गटातल्या लोकांना काहीच कळलं नाही. कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. कुणी लिहिलं, "नेव्हिलची स्मरणशक्ती अजून चांगली आहे, डोळे गेले म्हणून काय झालं!" जेराल्डने लॅपटॉप मिटला. त्याला झोप लागली नसावी, कारण पहाटे ब्रेंडाने कूस बदलून विचारलं, "पाय दुखतोय का?" आणि तो "हो" म्हणाला. आणखी एक खोटं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तो क्लेकहीटनला गेला. पिशवीत ते पुस्तक होतं. बसमध्ये त्याला शहात्तरचा नोव्हेंबर आठवत राहिला. चर्चच्या मागच्या सभागृहात इंजिनं पाहणाऱ्यांच्या मंडळाची बैठक होती. त्याने उभं राहून सांगितलं होतं, की सप्टेंबरातल्या एका रविवारी हिली मिल्सच्या यार्डात त्याने एकशे नव्वद पाहिलं, दुसऱ्या इंजिनाच्या मागे, भंगाराकडे ओढत नेताना. दोनशे पूर्ण! त्या भागात हे कुणालाच जमलं नव्हतं. प्रथेप्रमाणे मंडळाने त्याला 'पोर्क पाय', म्हणजे डुकराचं मटण भरून भाजलेली जाड पारी खिलवली, वर शिजवलेले वाटाणे आणि पुदिन्याची चटणी. त्याने ताट पुसून खाल्लं. पुढच्या वर्षी त्याला चिटणीस केलं. बावीस वर्षं तो चिटणीस होता. आणि त्या रात्री पहिली टाळी वाजवली होती ती नेव्हिलने. उभं राहून.

नेव्हिल खिडकीशी खुर्चीत होता. गुडघ्यांवर चौकटीचं पांघरूण.

"कोण, जेराल्ड? बसने आलास. गाडी विकलीस की ब्रेंडा देत नाही?"

"ब्रेंडा देत नाही."

"शहाणी आहे. बस. जिलियन, याला खुर्ची दे, ती मोडकी नको, हा मोडेल."

जिलियनने खुर्ची सरकवली. जेराल्ड टोपी हातात घेऊन बसला. इकडचं तिकडचं काही सुचेना, तेव्हा म्हणाला, "सायकल आहे कोपऱ्यात."

"असणारच. मीच लावली होती. पुढचं चाक कापलं गेलं म्हणून मला तो फोटो कधी आवडला नाही. दुसरा बरा आलाय, त्यात सायकल नाही. म्हणून तर हा तुला दिला."

"मी त्याखाली माझं नाव टाकलं."

"जिलियनने वाचून दाखवलं."

"तेवढंच नाही रे." जेराल्डने पुस्तक पिशवीतून काढलं. "ते इंजिन मी पाहिलंच नाही. कधीच. हिली मिल्सला गेलोच नव्हतो."

जिलियन चहा ओतत होती, ती थांबली. नेव्हिलने मान खिडकीकडेच ठेवली.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? कधीपासून?"

"सभेत तू तो रविवार सांगितलास तेव्हापासून. त्या दिवशी तुला ताप होता ना? तू निरोप पाठवलास, येत नाही म्हणून. मग ते इंजिन आलं तर तुला कळवायला मी एकटाच गेलो. सकाळी आठपासून काळोख पडेपर्यंत यार्डावरच्या पुलावर उभा होतो. थर्मास आणि अंड्याचं सँडविच. एकशे नव्वद आलं नाही. तूही आला नाहीस. आलं असतं तर मीच सायकल मारत तुझ्याकडे आलो असतो, तुला अंथरुणातून ओढायला."

जेराल्डला वाटलं, खोलीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी आपल्याकडे वळून पाहिलं. खरं तर कुणीच पाहिलं नव्हतं. एक जण झोपला होता, दुसरी बाई लोकर गुंडाळत होती. तरी त्याने टोपी चुरगाळली. एकोणपन्नास वर्षं या माणसाबरोबर त्याने फलाटावर चहा प्यायला होता, त्याच्या मुलीच्या लग्नात भाषण केलं होतं. त्या सगळ्या वेळी नेव्हिलला ठाऊक होतं. दर वेळी कुणी म्हणायचं, "हे आमचे दोनशेवाले ऑर्मरॉड," तेव्हा शेजारी नेव्हिल उभा असायचा.

"तुझे किती झाले होते?" जेराल्डने विचारलं, जरी त्याला माहीत होतं.

"एकशे नव्व्याण्णव. अजून तेवढेच आहेत. माझं राहिलेलं एक कार्लाइलकडे भंगारात कापलं गेलं, मी पोचायच्या आधी आठवडाभर." नेव्हिल हसला. "दे ते पुस्तक."

जेराल्डने पान उघडून त्याच्या हातात दिलं. नेव्हिलने पान उलटलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. बाकीच्या रेघा हलक्या होत्या, एका जागी बोट अडकलं.

"ही ना? केवढी दाबून ओढलीस लेका. कागद फाटायचाच बाकी आहे."

"आता ती पुसता येत नाही."

"शाईची आहे, कशी पुसशील? राहू दे. पण त्या पोरीला सांग. ती सिग्नलवाली. तिने बरोबर पकडलं आणि माफी तिनेच मागितली, हे मला नाही आवडलं."

"सांगतो."

"इथेच सांग. घरी गेलास की तुझं धैर्य बसमध्ये राहील. जिलियन, याला टाइप करायला दे. याच्या बोटांना वेळ लागतो, तोवर माझी बिस्किटं कुठे ठेवलीस ते सांग."

जिलियनने फोन पुढे केला. जेराल्डने चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: "एकशे नव्वद, मिरफील्ड, ऑगस्ट १९७५. फोटो: नेव्हिल सग्डेन. मी हे इंजिन कधीच पाहिलं नाही. १९७६ मध्ये पाहिलं असं मंडळाला सांगितलं, ते खोटं होतं. माझा आकडा एकशे नव्व्याण्णव. टॅम्सिन, तुझी शंका बरोबर होती, आणि माफी मी मागायला हवी होती. जेराल्ड ऑर्मरॉड." वाचून दाखवल्यावर नेव्हिल म्हणाला, "सायकलवाल्याचं नाव बरोबर लिहिलंस ना? पुढे जाऊ दे." जेराल्डने कळ दाबली. आणि फोन जिलियनला परत दिला.

फोनवर लगेच टिणटिण सुरू झाली. जिलियन वाचू लागली, तेव्हा त्याने हात वर केला. "आत्ता नको." पहिलं वाक्य तेवढं कानावर पडलं होतं. कुणीतरी लिहिलं होतं, की त्या नोव्हेंबरात आपण त्या सभागृहात होतो, आणि ती 'पोर्क पाय' आपणच वाढली होती. त्यापुढे काय, ते ऐकायची त्याची छाती झाली नाही.

चहा संपला. चारची बस होती. जेराल्ड उठला, टोपी सरळ करायचा प्रयत्न केला, ती झाली नाही.

"नेव्हिल, एक सांग. पुलावर तू दिवसभर उभा होतास. तुला माहीत होतं. मग त्या सभेत सगळ्यांच्या आधी उभा का राहिलास?"

नेव्हिलने खिडकीकडे तोंड केलं. बाहेर रूळ नव्हते, नुसता गाड्या लावायचा चौक होता. "बस चुकेल तुझी," तो म्हणाला. "गुरुवारी ये. येताना एकोणिसावं खोकं आण, जिलियन सांगेल त्यात काय काय आहे ते."

गुरुवारी जेराल्ड खोकं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दर वेळी पंचवीस-तीस स्लाइड्स होतात, नेव्हिल जागा आणि महिना ओळखतो, दोन-तीनदा जेराल्डचीच तारीख दुरुस्त करतो. गटात आता प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव दोनदा तपासून जातं. अंगठे पूर्वीपेक्षा कमी असतात, टॅम्सिनचा मात्र असतो. त्याच्या नावापुढे आता कुणी 'दोनशेवाले' लिहीत नाही. तो शब्द दिसत नाही म्हणून त्याला हायसं वाटतं आणि दिसत नाही हे लक्षात आलं की कान पुन्हा तापतात.

निघताना तो दारात थांबतो आणि तेच विचारतो. नेव्हिल कधी बिस्किटं मागतो, कधी झोपल्याचं सोंग करतो. बस येते. मागच्या बाकावर खोकं मांडीवर धरून जेराल्ड बसतो, आणि त्या सभागृहातली ती पहिली टाळी पुन्हा ऐकू येते. खोटं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने ती वाजवली, ती मला वाचवायला, की मला ती जन्मभर ऐकू यावी म्हणून?