एकोणीस टोप्या

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथं आगीचा भोंगा वाजला तरी कुणी जागचं उठत नसे. मी रुजू झालो त्याच आठवड्यात तो दोनदा वाजला. मी हातातली फाइल टाकून जिन्याकडं धावलो, तर अकाउंट्समधले एक जण चहा पीत म्हणाले, "पावणं, बसा निवांत. ते रोजच बोंबलतंय." वॉचमननं पॅनेलवरचं बटण दाबलं, भोंगा गप्प झाला, आणि मैदानात एकटाच उभा राहिलेला मी मान खाली घालून परत वर आलो.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील वारणानगरकडं दुधाचे कॅन चढवायचं-उतरवायचं काम करत. बी.एस्सी. झाल्यावर मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये सेफ्टीचा वर्षाचा कोर्स केला आणि सेफ्टी असिस्टंट म्हणून लागलो. पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण धूर लागला की भोंगा वाजवणारा, छताला लावलेला डिटेक्टर मी कधी हातात घेऊन पाहिला नव्हता.

तो उघडायला मला चाचांनी शिकवलं. चाचा कंत्राटदाराकडचे इलेक्ट्रिशियन. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, कानामागं कायम टेस्टर. पहिल्या दिवशी मी कोर्सची वही उघडून काहीतरी विचारायला लागलो, तर म्हणाले, "सायेब, पुस्तक ठेवा खाली. शिडी धरा."

वरून एक डिटेक्टर काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. आत कोळ्यानं घर केलं होतं. "ह्यो बघा आग लावणारा," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "ह्येला धूर कुठला, वाफ कुठली, धूळ कुठली, कळत न्हाय. आपण त्येला शिव्या घालतोय आन बटण दाबतोय. का वाजला ते कुणी बघत न्हाय."

आम्ही दोघांनी ते बघायला सुरुवात केली. दोनशे पानी वही घेतली. भोंगा वाजला की कुठला डिटेक्टर, किती वाजता, त्या वेळी तिथं काय चाललं होतं, ते मी लिहायचो आणि चाचा शिडीवरून सांगायचे. पँट्रीच्या दारातल्या डिटेक्टरला चहाच्या पातेल्याची वाफ लागत होती. तो आत सरकवला. स्टोअरमधले सगळे ब्रशनं साफ केले. कुठं ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग असलं की आधी परवानगीची चिठ्ठी घ्यायची, तेवढ्या भागातले डिटेक्टर झाकायचे आणि काम संपल्यावर उघडायचे. झाकायला प्लास्टिकच्या टोप्या असत, डिटेक्टरसारख्याच पांढऱ्या. चाचांच्या स्टीलच्या डब्यात अशा वीस टोप्या होत्या. काम संपलं की ते टोप्या मोजूनच डबा बंद करत.

वर्षभरात भोंगा क्वचितच वाजू लागला. आणि एकदा पॅनेल रूममध्ये खरोखरच केबल जळाली, तेव्हा अख्खं ऑफिस तीन-चार मिनिटांत खाली आलं. अकाउंट्सवाले हातातल्या कपासकट आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "चाचा, कप आणलेला चालतोय न्हवं?" चाचा म्हणाले, "चालतोय. बशी तेवढी वर ऱ्हायली, ती जळंल." सगळे हसले. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अर्थ कळला, आणि तो कुणामुळं कळला हेही.

कॉन्फरन्स रूमसमोरच्या कॉरिडॉरमधला एक डिटेक्टर मात्र ऐकत नव्हता, अधूनमधून उगाच वाजायचा. एसीच्या गार हवेचा झोत नेमका त्याच्यावर यायचा. तो हलवायची मंजुरी वर अडकली होती.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशिनांची पूजा असते. धूप, उदबत्त्या, कापूर. आदल्या वर्षी पूजेतच भोंगा वाजला होता, म्हणून त्या वर्षी चाचांनी सकाळीच यादी करून तेरा डिटेक्टर झाकले. नेमके त्याच दिवशी बाहेरून पाहुणे येणार होते. मॅनेजर मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "आज हे वाजलं तर बघा." चाचा पॅनेल रूमकडं होते. त्यांचा डबा टेबलावर होता. मी त्यातली एक टोपी घेतली, कॉन्फरन्समधली खुर्ची ओढली, वर चढलो आणि तो डिटेक्टर झाकला. यादीत लिहिलं नाही.

दुपारी आरती झाली, पेढे वाटले. चाचा डबा घेऊन माझ्याकडं आले.

"एकोणीस भरत्यात. एक कमी हाय."

मी पाहुण्यांच्या जेवणाच्या गडबडीत होतो. "असेल इथंच कुठंतरी, चाचा. आणा, सही करतो."

"तेरा काढल्या मी. मोजून काढल्या."

"मग झालं की," मी म्हणालो आणि यादीवर सही केली.

त्या क्षणी मला आठवलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवायला थांबलो नाही, हे जास्त खरं.

पुढचे दोन महिने तो कॉरिडॉर शांत होता. मी भोंग्याच्या महिन्याच्या तक्त्यात ती सुधारणा म्हणून दाखवली. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि त्याच महिन्यात मला कायम केलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले.

मग विम्याचे तपासनीस आले. ते कॉरिडॉरमध्ये थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर टोपी आहे." मला खंडेनवमी आठवली. खुर्चीसकट आठवली.

मॅनेजरांनी विचारलं, "टोप्या कोण घालतं?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. चाचांना बोलावलं. ते बराच वेळ वर बघत राहिले.

"हितं घातलेली मला याद न्हाय, सायेब."

"याद नाही म्हणजे विसरलात. इथं आग लागली असती तर?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. मला काही आठवतंय का, एवढंच ते विचारत होते. माझ्या हातात फाइल होती, त्यात खंडेनवमीच्या यादीवरची माझी सही होती. मी फाइलकडं बघितलं.

"विसरलो असंन," चाचा म्हणाले.

कंत्राटदाराला कळवण्यात आलं, की पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस पाठवा. शेवटच्या दिवशी चाचांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि टोप्या मोजून दाखवल्या. वीस भरल्या. त्यांनी त्या पुन्हा मोजल्या. एवढं मोजून घेतल्यावरच ते गेले.

त्यांच्या घरी जायला मला दोन वर्षं लागली. मधल्या काळात मी सेफ्टी ऑफिसर झालो, लग्न झालं. कागल गावात दोन खोल्यांचं घर होतं. चाचींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या की. लई दिसांनी." बसल्यावर आत ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की चाचा आता कुठलंच काम घेत नाहीत. आधी गल्लीतले मिक्सर, पंखे सगळे त्यांच्याकडंच यायचे. "आता वायरला हात लावत न्हाईत. म्हणत्यात, हातातनं काय ऱ्हाऊन गेलं तर? कुणाचं घर जळंल."

चाचा आले. थकले होते. मी चहाची वाटही पाहिली नाही.

"चाचा, ती टोपी मी घातली होती. खंडेनवमीला. तुम्ही विसरला नव्हता."

त्यांनी विचारलं, "शिडी तर माझ्याजवळ हुती. कशावर चढलास?"

"खुर्चीवर."

चाचा हसले, अगदी मायेनं. "मी शिकवलेला माणूस खुर्चीवर चढायचा न्हाय."

"खरंच सांगतोय, चाचा. मी गप्प बसलो. माझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."

"चांगल्या आईबापाचा हायेस तू," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून मुद्दाम आलास. पर आपल्या अंगावर घिऊ नगंस. वय झालं की ऱ्हातंय काय काय डोक्यातनं."

मी पुन्हा सांगितलं. यादी, सही, एकोणीस, सगळं सांगितलं. ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकत होते आणि मान हलवत होते. चाचींनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्यांना पटलं होतं. त्या उठून आत गेल्या, आणि चहा आला तो चाचांनी आणला.

निघताना चाचा म्हणाले, "आलायस तर तेवढा बोर्ड बघ की. बटण सैल झालंय, ठिणगी मारतंय. ही दोन महिनं मागं लागलीया."

पाच मिनिटांचं काम होतं. मी स्क्रू काढायला घेतला. चाचांनी बॅटरी धरली.

"मेन बंद केलास न्हवं?"

"केलाय, चाचा."

ते बाहेर जाऊन बघून आले. बॅटरी पुन्हा धरली. मी वायर ओढली तेवढ्यात म्हणाले, "थांब जरा," आणि पुन्हा बाहेर गेले. मी हात मागं घेऊन अंधारात उभा राहिलो. बाहेर ते मेन स्विचपाशी किती वेळ थांबले होते कोण जाणे.