बंधाऱ्याखालचे महसीर

महसीर माशाच्या पोटाखालचा डावा पर मुळाशी कातरला, की पुन्हा उगवतो तो आखूड आणि जरा वाकडा. वैजयंती भिंगाखाली ती वाकडी कड बघते आहे. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं तळ्यात सोडताना त्यांना ही खूण करतात, म्हणजे निसर्गात जन्मलेला मासा वेगळा ओळखू येतो. आज जाळ्यात आलेल्या प्रत्येक माशाला खूण आहे. निसर्गात जन्मलेला एकही नाही. बाहेर गळवाले मात्र खूश आहेत. पाणी निवळलंय, मासा झकास लागतोय, महसीर परतला म्हणतात.

संध्याकाळी नवी पिल्लं घेऊन केंद्रातल्या तुळाजींची जीप येईल. तोवर पाठ टेकावी म्हणून ती होड्या ठेवायच्या नावघरातल्या बाकावर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात, तोच पायाशी सबनीसबाई बसलेल्या.

बाई तिच्या गुरू. धारवली तळ्याकाठचं केंद्र त्यांनी उभं केलं आणि त्याला पाणी हवं म्हणून वरच्या ओढ्यावर बंधारा घालून घेतला. त्या गेल्यावर केंद्राला त्यांचं नाव दिलं.

"लोळतेस काय भरदुपारी? आम्ही उभ्याउभ्या डुलकी काढायचो."

वैजयंती हसून उठते, तर ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, घोटाभर पाण्यात. टेबलांमधून महसीर वर निघालेत, अंड्यांनी जड झालेले. पावसाळ्यात ओढा चढून वरच्या गोट्यांत अंडी घालायची, ही त्यांची रीत. पण दाराच्या जागी बंधारा आहे. मासे त्यावर आपटतात, मागे सरतात, पुन्हा आपटतात. पाणी गुडघ्याला लागतं. खोलीला खिडकी नाही.

ती बाईंना घरी चला म्हणते. बाई म्हणतात, हेच आता घर. वर जाता येत नाही न् खालीही. मग त्या चहाचं आधण ठेवतात, कारण आता हे त्यांचं स्वयंपाकघर आहे. ओट्यामागची भिंत मात्र तीच, बंधाऱ्याची.

मासा या बंधाऱ्यामुळे अडतो, हे मला केव्हाच कळलंय, असं वैजयंती हळूच सांगते. बंधारा काढला तर केंद्राचं पाणी तुटेल, केंद्र बंद पडेल. लोक म्हणतील, बाईंनी जन्मभर नुसते हौद भरले.

"म्हणू देत. माझ्यासाठी गप्प बसलीस होय? मेलेल्या माणसाची एवढी भीड? जिवंतपणी तर माझ्या चहाला नावं ठेवायचीस."

"पांचटच असायचा तो, बाई."

"हे जमतं ना सांगायला? मग तेही सांग."

बाई भिंतीला नखं लावतात. वैजयंतीही लावते. दोघी खरवडत राहतात. पाणी छातीशी आलंय. भिंतीपलीकडे ओढा वाहताना ऐकू येतो.

जीपच्या हॉर्नने जाग येते. नावघर तळापासून छपरापर्यंत लाकडी आहे. तरी तिच्या बोटांची पेरं सोललेली, आणि नखांत सिमेंटची करडी भुकटी.

बाहेर तुळाजी पिल्लांचे डबे उतरवायला लागलेत. मॅडम, नेहमीच्याच जागी सोडायची ना, असं ते विचारतात. बाईंच्या हाताखाली त्यांचीही उमर गेली. ती त्यांच्या तोंडाकडे बघते, आणि नजर न काढता बोलते.

"परत न्या, तुळाजी. आता पिल्लं सोडायची नाहीत. बंधारा फोडायचा, केंद्र बंद करायचं. हे मी सांगतेय."