राधाबाईंचे पाय

ज्ञानदेव रामटेके आमच्या समोरच्या घरात राहायचा. रोज सकाळी नेपरव्हिलहून गाडी पकडून शिकागोला जायचा आणि तिथल्या एका ऑफिसात पुलांची ड्रॉइंग्ज तपासायचा. दुसऱ्यांच्या आकडेमोडीतल्या चुका शोधणं हेच त्याचं काम. त्याची बायको संघमित्रा म्हणायची, "हा घरी आला तरी आधी भाजीतलं मीठ चेक करतो."

१९८४ च्या ऑक्टोबरात त्याची आई, राधाबाई, नागपूरहून आली. तीस वर्षं तिथल्या सूतिकागृहात त्या आया होत्या. नवरा लवकर गेला आणि त्या नोकरीवरच त्यांनी एकुलत्या एका मुलाला इंजिनिअर केलं. "आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोराईले पहिली आंघोळ म्याच घातली," असं मोठ्या ऐटीत सांगायच्या. "पाण्यात आधी आपलं कोपर बुडवाचं, मंग पोर."

त्यांना पंधरा वर्षांपासून डायबेटिस होता. पावलं बधिर झाली होती, पण ते त्यांनी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. कधीतरी म्हणायच्या, "पायात कापूस भरल्यासारखा वाटते." आम्ही समजायचो, थंडीमुळे असेल.

घरात माणूस वाढलं तसं गरम पाणी पुरेना. एका रविवारी संघमित्रा शॉवरमधून कुडकुडत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, त्या वॉटर हीटरचं काहीतरी कर ना!" ज्ञानदेव बेसमेंटमध्ये उतरला. गॅसच्या हीटरला खालच्या बाजूला एक लाल बटण होतं. त्यावर आकडे नव्हते. वॉर्म, हॉट, व्हेरी हॉट, एवढंच लिहिलेलं. त्यानं ते शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं आणि वर येऊन उरलेला चहा प्यायला. त्यानंतर पाणी सगळ्यांना पुरायला लागलं, आणि ती गोष्ट तो विसरूनही गेला.

नोव्हेंबर संपत आला होता, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा मंगळवार होता. बाहेर बर्फ पडत होता. दुपारी साडेतीनला माझा फोन वाजला. त्यांची सहा वर्षांची कांचन बोलत होती.

"पद्मजा मावशी, कॅन यू कम? आजीज फीट लुक फनी."

मी कोट न घालताच रस्ता ओलांडला. राधाबाई टबच्या काठावर बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, पाय पाण्यात, आरसा वाफेनं पांढरा झालेला.

"ये बाई," त्या म्हणाल्या. "पाय गार पडले होते, म्हणून शेकून राह्यले. हे पोरगी उगाच भेली."

मी पाण्यात हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. त्यांचे पाय घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. टाचेची कातडी सुटून पाण्यात लोंबत होती. आणि त्या माझ्याकडे हसून पाहत होत्या. त्यांना काहीच कळत नव्हतं.

मी त्यांचे पाय उचलून थंड पाण्याखाली धरले. कांचनला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं. तिनं पत्ता बरोबर सांगितला. संघमित्रा लायब्ररीतल्या कामावरून थेट हॉस्पिटलात आली.

जखमा भरल्याच नाहीत. मांडीची कातडी काढून लावली, ती टिकली नाही. जानेवारीत उजवं पाऊल काढावं लागलं. मग मूत्रपिंडं बिघडली. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ज्ञानदेव पलंगाशी बसलेला असायचा. एकदा राधाबाई त्याचा हात कुरवाळत म्हणाल्या, "माईच चूक झाली रे. लोकाच्या पोराईसाठी रोज कोपर बुडवलं, अन् माया वक्ताले इसरली. तू काऊन रडून राह्यला बापू?"

त्यानं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. पांढऱ्या कपड्यांतली आम्ही दहा-बारा माणसं जमलो. त्रिसरण-पंचशील झालं. संघमित्राचा आवाज मध्येच बंद पडला, तेव्हा ज्ञानदेवनं पुढचं एकट्यानं म्हटलं.

एप्रिलपासून तो लोकांच्या घरी जायला लागला. कुणाकडे आई-वडील येणार किंवा बाळ होणार असं कळलं, की हा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन हजर. दूरच्या चँडलर गावात नवी नोकरी मिळून ते घर विकून गेले, तोपर्यंत तीन वर्षं त्याचं हे चाललं होतं. कारण कुणाला सांगत नसे. मला सांगितलं ते एकदाच, आमच्या घरी आला तेव्हा.

त्यानं आमच्या सिंकमधलं गरम पाणी तीन-चार मिनिटं वाहू दिलं, पेल्यात धरलं, थर्मामीटर बुडवला. "एकशे अठ्ठेचाळीस फॅरनहाइट," तो म्हणाला. मग माझ्याबरोबर बेसमेंटमध्ये जाऊन बटण थोडंसंच मागे घेतलं. "एकशेवीसच्या वर नको, पद्मजाताई. म्हणजे आपले एकोणपन्नास अंश सेल्सिअस. बटणावर विश्वास ठेवायचा नाही, नळाचं पाणी मोजायचं. बदल लगेच कळत नाही, म्हणून उद्या सकाळी कुणी पाणी वापरायच्या आधी येऊन परत मोजतो. आणि टबमध्ये आधी थंड पाणी, मग गरम."

मी मान हलवली. तो पायरीवर बसला.

"आमच्याकडे एकशे अठ्ठावन्न होतं. ती हॉस्पिटलात गेल्यावर मोजलं मी." तो हीटरच्या निळ्या ज्योतीकडे बघत म्हणाला, "साडेतीन महिने तिच्याजवळ बसलो. रोज ठरवायचो, आज सांगू, आई, बटण मी फिरवलं होतं. ती म्हणत राहिली माझीच चूक, आणि मी तिला म्हणू दिलं."

"संघमित्राशी बोललास?"

"तिनंच सांगितलं होतं ना करायला. काय बोलणार? आता दोघंही गार पाण्यानं आंघोळ करतो."

"वर चल, चहा टाकते," मी म्हणाले.

त्यानं थर्मामीटर रुमालानं पुसून खिशात ठेवला.

"नको. पुरुषोत्तमकडे त्याचे वडील आलेत काल. तिथे जाऊन येतो."