बाडमामांची शेवटची ओळ

सानगडीचे आमचे बाडमामा यमाला दारातून परत पाठवत. हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे मामांना पाहिलं आहे, यम काही दिसला नाही.

त्यांच्याकडे पूर्वजांचं एक बाड होतं. कुणा लेखनिकाने जुन्या पोथ्यांतून वेचलेले उतारे त्यात होते: ओव्या, तापावरचा काढा, एका राजकन्येच्या गोष्टीचा मधलाच तुकडा. बाड तीनशे वर्षांचं की सातशे, ते समोर कोण बसलंय त्यावर ठरे.

कुणी अंथरूण धरलं की मामांना बोलावणं येई. उशाशी बसून ते एक उतारा वाचत आणि अर्ध्यातच थांबून बाड मिटत. "शेवटची ओळ वाचाची नाई," ते मला सांगत. "ओळ सरली का मानूस सरला." मग त्याच आवाजात, "चहा ठेवला का बाप्पा?"

चहा येईपर्यंत घरात कुणी हलत नसे. आजारी माणूस उरलेलं ऐकायला थांबल्यासारखा कान देऊन पडलेला असे. बरेच जण उठले. जे गेले, त्यांच्या घरी कुणीतरी ती ओळ मनात म्हटली असणार, असं ठरे. ती त्यांना कुठून ठाऊक, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या धानकापणीत मामाच पडले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मामींनी बाड माझ्या मांडीवर ठेवलं. "बापू, तू वाच. पन शेवटाले थांबजो रे. एवढं मानूस राहू दे मले."

भर दुपारी मी राजकन्येचा तुकडा घेतला. ती विहिरीपाशी येते. आतून कुणीतरी तिचं नाव घेऊन हाक मारतं. ती वाकते. कुठे थांबायचं ते कळावं म्हणून मी पुढे नजर टाकली. पुढे कोरा कागद. घाईने पानं उलटली. प्रत्येक उतारा तसाच तुटलेला. मामा कधी थांबतच नव्हते. तिथे संपतच होतं.

मी गप्प झालो, तसे मामांनी डोळे उघडले. "वाच ना पुढं."

"मामा, पुढं काही नाहीच."

"मालूम आहे," ते म्हणाले. "पन मले ऐकू येऊन राहिलं."

दिवेलागणीला ते गेले. मामींनी एवढंच विचारलं, "तू थांबला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

बाड आता माझ्याकडे आहे. परवा एकोडीहून एका म्हातारबांसाठी बोलावणं आलं. गेलो, वाचलं, संपलं तिथे थांबलो. कुणी हललं नाही. मागे दाराकडे वळून पाहायचा धीर मलाही झाला नाही. थोड्या वेळाने म्हातारबा उठून बसले.

त्यांना गॅस झाला होता.