दोन कार्डं आणि गावित सरांची बकरी

दुरुस्तीला टाकलेले कॉम्प्युटर लोक घेऊन जातात, किस्से मात्र दुकानातच सोडून जातात. जव्हारच्या बाजारातलं माझं दुकान म्हणजे तीन खुर्च्या आणि एक स्टूल. पण संध्याकाळी शाळा-कचेऱ्या सुटल्या की उभं राहायलाही जागा नसते. गेल्या पावसाळ्यात आमचं सगळं मंडळ एकाच वादाला चिकटून होतं: दोन ग्राफिक्स कार्डांपैकी चांगलं कुठलं? आता तुम्ही म्हणाल, जव्हारात ग्राफिक्स कार्ड कशाला? तर बकरीसाठी.

गावित सर मूळचे जामसरचे आणि मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मास्तर. त्यांच्या पहिलीत यमुना नावाची पोरगी आहे. शाळा सुरू झाल्यापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी अखंड बडबड आणि शाळेत आली की गप्प. दिवाळीनंतर तिचे आईबाप जगायला जाणार होते. आमच्याकडे वीटभट्टीवर मजुरीला जाण्याला जगायला जाणंच म्हणतात. पोरगी शाळेत रमली तर आजीपाशी राहणार, नाहीतर भट्टीवर जाणार आणि शाळा सुटणार. म्हणून सरांनी ठरवलं, पाड्याच्या बोलीत बोलणारी बकरी करायची, कार्टूनमधली. पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या बकरीनं नुसती मान वळवायची म्हटली तरी अख्खा दिवस जायचा.

*

कार्डं आली नाशिकहून. तिथल्या माझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याला मी सरांची हकिकत सांगितली, तर त्यानं दोन्ही कार्डं पिशवीत घालून हातात दिली. म्हणाला, दिनूभाऊ, वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा. एक कार्ड नवंकोरं मॉडेल, आठ जीबी मेमरीचं. दुसरं आधीच्या पिढीचं, पण बारा जीबीचं.

मी म्हटलं, निदान कुठे सही तरी घ्या.

तो म्हणाला, "सही करायला पोरगी बोलल्यावर या."

असा माणूस व्यापारात टिकतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पण टिकलाय, हे आमचं नशीब.

*

खरेदी वर्गणीतून होणार होती आणि वर्गणी भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब कचेरीत क्लार्क आहेत. त्यांनी रीतसर तुलनात्मक तक्ता काढला: मेमरी, वेग, वीज, वॉरंटी, दर. मग पेन खाली ठेवून म्हणाले, दोनच? नियमानं तीन दरपत्रकं लागतात.

किती समजावलं, पण पठ्ठ्या हलेना. शेवटी मी ड्रॉवरमधून एक जळालेलं कार्ड काढून दिलं. त्याला दर लावला नगण्य. भाऊसाहेबांनी ते तिसऱ्या रकान्यात चढवलं, चष्मा वर केला आणि निकाल वाचला.

"सर्वात कमी दर तिसऱ्याचा. तिसरं मंजूर."

सर रडकुंडीला आले. ते जळालंय हो, असं म्हणाले, तर भाऊसाहेब शांतपणे म्हणतात, "चालू असावं अशी अट कुठे घातली होती?"

मग स्वतःच हसले आणि तक्ता फाडून टाकला. या माणसानं वर्गणीत सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त घातलं होतं, हेही सांगायला हवं.

*

मधू आमचा लग्नाचं शूटिंग करणारा. कार्डांची परीक्षा घ्यायचं काम त्यानं अंगावर घेतलं आणि दोन्हींवर बंदुकीचा गेम खेळत बसला. त्याचा निर्वाळा असा की नव्या कार्डात गोळी लवकर लागते.

सर म्हणाले, "मधू, मला बकरी जिवंत पाहिजे."

*

मग खरी परीक्षा झाली. बिनकेसाची, गुळगुळीत बकरी दोन्ही कार्डांना दिली. नव्या कार्डानं चहा यायच्या आत चित्रं तयार केली. जुन्याची झाली तेव्हा कप रिकामे होते. मधू मिशीला पीळ देऊन बसला.

पण सरांना बकरीच्या अंगावर केस हवे होते आणि मागे गावाजवळच्या शिरपामाळासारखं गवत, पात्यापात्यानं हलणारं. ते सगळं चढवल्यावर नवं कार्ड अर्ध्यात बसलं. मेमरी संपली, असं स्क्रीनवर आलं. जुनं मात्र सावकाश का होईना, शेवटपर्यंत गेलं.

वेग कामाचा की मेमरी, यावर तासभर जुंपली. केस काढून टाकू, कोण बघतंय, असं मधूचं म्हणणं. सर म्हणाले, पाड्यावरची पोरं बघतात. त्यांना टकली बकरी दाखवली तर ती धडा सोडून तिला काय झालं तेच विचारत बसतील. जुनं कार्ड ठरलं.

*

जुन्या कार्डाला वीज मात्र जास्त लागायची. शेजारी काशीमावशीची गिरणी. तिचा पट्टा फिरला की आमचा विजेचा दाब घसरायचा, कॉम्प्युटर बंद पडायचा आणि काम पुन्हा पहिल्यापासून. सर भीतभीत तिला विचारायला गेले.

आमच्याकडच्या डोंगरातल्या माणसांना अहो-जाहो जमत नाही, बोलताना ‘ळ’चा ‘ल’ होतो, पण मान मनात असतो. ती म्हणाली, "सर, तू कर तुझी बकरी. माझा दलण कुठं पलतंय?"

आणि तिनं खरंच गिरणी थांबवली! साखरशेतहून नाचणी घेऊन आलेल्या एका आजोबांची एसटी त्यापायी चुकली. आता हे शिव्या देणार, म्हणून मी पुढे झालो. तर ते दारातून डोकावून म्हणाले, "झाली का बकरी?" या गल्लीचं ऋण मी कसं फेडणार?

*

दिवाळीच्या तोंडावर आम्ही सगळे पाड्यावर गेलो. मधूनं लग्नातला प्रोजेक्टर आणला, काशीमावशी गिरणीला कुलूप लावून आली, भाऊसाहेबांनी किरकोळ रजा टाकली. वर्गाच्या भिंतीवर बकरी उभी राहिली. चालवायला गेलं की तिचे पाय जमिनीत रुतायचे, ते काही आम्हाला शेवटपर्यंत सुधारता आलं नव्हतं. म्हणून तिला आखूड दाव्यानं खुंटीला बांधून टाकलं होतं.

बकरी पाड्याच्या बोलीत बोलली आणि पोरं खिदळायला लागली. तिनं नाव विचारलं तशी सगळ्यांनी ओरडून आपापली नावं सांगितली. यमुना गप्पच. बकरीनं पुन्हा विचारलं. यमुना नुसती बघत राहिली. धडा संपला, चित्र भिंतीवर तसंच थांबलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

तेवढ्यात यमुना उठली. भिंतीपाशी गेली आणि चित्रातल्या खुंटीवर हात फिरवून बघितला. मग मागे वळली.

"सर, तिला सोड ना. तिचा गला आवललाय."

सर गर्रकन वळले. पण मागून भाऊसाहेबच मला म्हणाले, "दिनूभाऊ, ताबडतोब सोडा तिला."