संपादक मंडळातले पंच

काही प्रकरणं निवृत्तीच्या दिवशी टोपीबरोबर ठाण्यात ठेवून येता आली. हे एक मात्र माझ्यामागून घरी आलं आणि अजून घरातच आहे. पाहुणा आला की मी ते सांगायला घेतो आणि बायको आतून ओरडते, "अहो, त्यांना आधी बसू तरी द्या!"

तेव्हा मी रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही तिसऱ्या वर्गात. माझ्या नावावर छापून आलेलं लिखाण म्हणजे बेपत्ता व्यक्तींची निवेदनं. अशा माणसाकडे संशोधनाची चौकशी यावी, हा खात्याचाच विनोद.

एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. टाइप केलेला, सोबत परिषदेतल्या एका फोटोची झेरॉक्स. शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंनी बोगस आंतरराष्ट्रीय संशोधन पत्रिकेतला लेख आणि बोगस परिषदेचं प्रमाणपत्र दाखवून कायम जागेसाठी अर्ज केला आहे, सबब त्यांच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा, अशी मागणी. एक प्रत प्राचार्यांनाही गेली होती. दुपारी त्यांचाच फोन आला.

"साहेब, मुलाखती बारा दिवसांवर आल्यात. तुमचा अहवाल स्वच्छ आला तर बाईंना बोलावू. नाहीतर नाव वगळावं लागेल."

अर्ज आवक नोंदवहीत चढवला आणि बाईंना बोलावून घेतलं. पस्तिशीच्या असतील, वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. सोबत वडील होते. आयुष्यभर मुंबईला गोदीत काम करून आता संगमेश्वरकडच्या गावी, बौद्धवाडीतल्या घरी राहत होते. त्या घरातली पहिली पदवी बाईंचीच. वडिलांच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती.

मी दरडावणीचा आवाज लावला. घरी तो चालत नाही, त्यामुळे ठाण्यात चांगला टिकला होता.

"हा लेख तुमचा?"

"माझाच, सर."

"कशावर आहे?"

"सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, पावसाळी वनस्पतींवर. कातळात खळगे असतात ना, त्यात पाणी साचतं. तेवढ्या दोन-तीन महिन्यांत उगवतात, फुलतात आणि जातात."

"आणि ही पत्रिका कुठे शोधलीत?"

"मी नाही शोधली. त्यांचाच मेल आला." त्या कसनुसं हसल्या. "'आदरणीय प्राध्यापक' असं लिहिलं होतं. मला कॉलेजात कोणी प्राध्यापक म्हणत नाही, सर. तासाची बाई म्हणतात."

लेख पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी स्वीकारपत्र आलं होतं. परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा: लेख उत्कृष्ट, एकही दुरुस्ती नको. स्वीकारल्यानंतर मग शुल्काची मागणी. पुढच्या महिन्यात परिषदेचं निमंत्रण, पुण्याच्या एका हॉटेलात. तिथे एकाच हॉलमध्ये वनस्पती, सिमेंट, दातांचे आजार आणि योगासनं. प्रत्येकाला पाच मिनिटं, मग शाल, प्रमाणपत्र आणि जेवण.

"तेव्हा शंका नाही आली?"

"आली ना. पण सिमेंटवाल्यांना पण सगळे टाळ्या वाजवत होते. म्हटलं, मोठ्या परिषदा अशाच असतील. याआधी मी पाहिली कुठे होती?"

मग वडील बोलले. "साहेब, वाडीनं विहारात सत्कार केलान तिचा. पोरीनं चार पावसाळे सडे तुडवलेन. ती कशाला खोटं करील हो?" आणि त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. नऊ वह्या होत्या. पानं ओली होऊन फुगलेली, शाई पसरलेली, एका पानावर चिखलाचा अख्खा अंगठा. तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली, फुलांची चित्रं.

घरात बसून भरलेली वही आणि पावसात भरलेली वही मला ओळखता येते. गस्तीच्या खोट्या वह्या मी पुष्कळ पकडल्या आहेत. तरुणपणी एक-दोन भरल्याही आहेत. या वह्या खऱ्या होत्या. पण अहवालात 'वही पाहून खात्री पटली' असं लिहिता येत नाही. पुरावा लागतो.

तो मिळाला ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या आमच्या रायटर हवालदारांमुळे. त्यांनी पत्रिकेचं पान संगणकावर उघडलं. संपादक मंडळात तीस नावं, फोटोसकट. मग त्याच प्रकाशकाची शेतीची पत्रिका उघडली, कायद्याची उघडली, दातांची उघडली. तेच तीस जण सगळीकडे हजर.

हवालदार गालातल्या गालात हसले. "साहेब, हे आपल्या चहावाल्यासारखं झालं."

आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पंचनाम्याला जवळपासचे दोन तटस्थ पंच लागतात. घाईच्या वेळी आम्ही ठाण्यासमोरच्या चहावाल्याला उभा करायचो. एकदा कोर्टात वकिलांनी त्याला विचारलं, "एकाच संध्याकाळी तुम्ही मांडवीतही होता, स्टेशनवरही होता आणि बाजारातही होता?" तो माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. न्यायाधीशांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण तेव्हापासून सही करणारा पंच जागेवर होता की नव्हता, याचा वास मला लांबून येतो.

"पंचांना फोन लावा," मी म्हणालो. "पण या पानावरच्या नंबरावर नको. ज्याच्या त्याच्या विद्यापीठातून नंबर काढा."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी परराज्यातले एक निवृत्त प्राध्यापक सापडले. माझं इंग्रजी आणि त्यांचं हिंदी यांच्या मधोमध भेटून आम्ही बोललो. ते वैतागलेच. "माझं नाव काढा म्हणून मी त्यांना तीनदा लिहिलंय! अहो, लेख न वाचता जो कौतुक करतो आणि पैशाचं नंतर सांगतो, त्याच्या दारात उभं राहू नये. अनोळखी पत्रिकेत लेख द्यायच्या आधी यादीतल्या एकाला तरी विचारायचं. निदान आपल्या ग्रंथपालाला तरी."

मी बाईंच्या स्वीकारपत्रावरची मुख्य संपादकांची सही वाचून दाखवली. त्यांनी ते नाव पुन्हा वाचायला लावलं.

"तारीख काय आहे त्यावर?"

मी तारीख सांगितली.

"साहेब, त्यांच्या अंत्यविधीला मी स्वतः गेलो होतो. या तारखेला त्याला चार वर्षं होऊन गेली होती."

मृत्यूचा दाखला आठवड्याच्या आत मेलवर आला. गेलेल्या माणसाने बाईंचा लेख स्वीकारला होता! याहून स्वच्छ पुरावा मला नोकरीत क्वचितच मिळाला असेल.

निनावी अर्जाचं कोडंही सुटलं. सोबतच्या झेरॉक्सची उजवी कड कात्रीने कापलेली होती. बाईंच्या मोबाइलमध्ये अख्खा फोटो होता. उजव्या टोकाला शाल पांघरून उभे होते दुसऱ्या महाविद्यालयातले एक गृहस्थ, याच जागेचे उमेदवार. मी त्यांना बोलावलं आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, मीही तिथेच फसलो. पैसे गेले, लेख गेला. म्हटलं, निदान जागा तरी..." रागावणार होतो, जमलं नाही. त्यांचाही जबाब घेतला. तक्रारदार दोन झाले.

बाईंचा जबाब हवालदारांनी लिहिला आणि वाचून दाखवला. त्यांनी पेन हातात घेतलं, पण सही करेनात.

"एक वाक्य राहिलंय, सर. लेखातली निरीक्षणं मी स्वतः केलेली असून ती खरी आहेत."

"बाई, कायद्याला त्याची गरज नाही."

"कायद्याला नसेल."

हवालदारांनी मला न विचारताच ते वाक्य घातलं. मग सही झाली.

गुन्हा अज्ञात इसमांविरुद्ध दाखल करून सायबरकडे दिला. ते इसम माझ्या निवृत्तीपर्यंत अज्ञातच राहिले. माझा अहवाल मात्र मुलाखतीच्या दोन दिवस आधी पोचला. बाईंनी तो लेख आणि ते प्रमाणपत्र समितीसमोर स्वतःच्या हाताने यादीतून खोडलं. त्या वर्षी जागा तिसऱ्याच कोणाला मिळाली. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "बोलावलं तरी, सर. चोर ठरून घरी बसले नाही."

तोवर मी फसलेल्या माणसाला हमखास म्हणायचो, "एवढे शिकलेले तुम्ही, तरी कसे फसलात?" त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडी पुन्हा आलं नाही. शिकलेला माणूसही एखाद्या दारात पहिल्यांदाच जातो. आधी त्या दारातून गेलेलं कोणी घरात नसेल, तर त्याने विचारायचं कोणाला? आता पुतणे-भाचे असला मेल घेऊन आले की मी त्यांना आधी पंच शोधायला लावतो.

मी निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी बाई अचानक घरी आल्या. मधल्या दोन पावसाळ्यांत त्या पुन्हा सड्यावर गेल्या होत्या. सगळं नव्याने लिहून, आधी काय घडलं तेही न लपवता कळवून, त्यांनी लेख एका रीतसर पत्रिकेला पाठवला होता. आठ महिन्यांनी उत्तर आलं होतं. हातात तीन छापील पानं होती आणि चेहरा पहिला नंबर आल्यासारखा.

"स्वीकारला?" मी विचारलं.

"छे हो! एकतीस हरकती काढल्यात. ही बघा, ही एकोणिसावी. 'तिसऱ्या खळग्याची खोली कशी मोजली, स्पष्ट होत नाही.' सर, कोणीतरी तिसऱ्या खळग्यापर्यंत वाचलंय!"

आणि तो खळगा कसा मोजला, ते त्यांनी मला पाऊण तास समजावून सांगितलं.