दोनच्या पाळीची माणसं

त्या तेजीच्या वर्षी शेअर न घेतलेली दोनच माणसं पुण्यात उरली होती. एक मी आणि दुसरे माझे मामा. मंडईत मेथीची जुडी बांधता बांधता भाजीवाल्या एकमेकींना सिमेंट कंपनीचा भाव विचारत, आणि आमच्या ऑफिसात भाव पडलेला असला की साहेब त्या दिवशी कागदावर सही करत नसत. साहेबांचं थोडं वाढवून सांगतोय. मेथीचं मात्र खरं आहे.

मामा धायरीचे. त्यांची रस्त्याकडची जमीन बिल्डरनं घेतली आणि एवढे पैसे आले की बँकेचा मॅनेजर त्यांना खुर्ची द्यायला लागला. पण आता पिकवायला काही उरलं नव्हतं. म्हातारपण, मामीची दुखणी, सगळं त्या एका रकमेवर. ती कुठे गुंतवायची हे विचारायला ते माझ्याकडे आले, कारण मी कॉमर्स शिकलो होतो आणि त्या जोरावर गावभर बढाया मारत होतो.

बुधवार पेठेत एका रेडिओच्या दुकानाच्या माडीवर माझ्या ओळखीचा शेअर दलाल बसायचा. त्यानं एक कंपनी सुचवली. मोटारींचे सुटे भाग करणारी, कारखाना कात्रजच्या घाटापलीकडे, भाव रोज वर. मी तिचा गुळगुळीत वार्षिक अहवाल उघडला आणि मामांना म्हणालो, "एका शेअरमागे कंपनी वर्षाला दोन रुपये कमावते. शेअर मिळतोय एकशे साठला."

"म्हंजी आंब्याचं झाड एकशे साठचं, अन् आंबं वर्साला दोन रुपयाचं?"

"हो."

"मग पैसं फिटायला ऐंशी वर्सं. मी हाय व्हय तवर?"

दलाल चष्म्यावरून म्हणाला, "अहो, नफा वाढणार आहे. दुप्पट, चौपट."

"वाढवणार कोण?"

"आपल्याला पटत नसेल तर जिना आहे तिथेच आहे."

मामा उठले. खाली आल्यावर म्हणाले, "आदी झाड बगू."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही घाट ओलांडला. भर दुपारचं ऊन. कारखाना अहवालातल्या फोटोसारखाच होता. ताजा रंग, हिरवळीला पाणी घातलेलं. सायकलस्टँड एवढा लांब की त्याचं दुसरं टोक साताऱ्यात असावं, आणि त्यात सायकल एकही नाही. शांतता अशी की मला मामांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मामांकडे घड्याळ नव्हतं.

फाटकावरचा वॉचमन कडक इस्त्रीत होता. "आत जाता येणार नाही. काम चालू आहे," तो म्हणाला.

दोनचा भोंगा झाला. वॉचमन केबिनमध्ये गेला. भिंतीवर हजेरीची कार्डं खाचांत ओळीनं लावलेली होती, शेजारी वेळ छापणारं मशीन. त्यानं पहिलं कार्ड काढलं. "एकशे एक!" माणसाला 'हजर' म्हणायला लागतो तेवढा वेळ तो थांबला, मग खट्‌. "एकशे दोन!" थांबला. खट्‌. असं तो करत गेला. पस्तीस-छत्तीस कार्डं झाल्यावर तो अडला. "एकशे सदतीस!" थांबला. पुन्हा, मोठ्यानं, "एकशे सदतीस!" मग ते कार्ड न छापता त्यानं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि काळजीच्या सुरात आम्हाला म्हणाला, "हा आला नाही. तीन दिवस झाले."

मामांनी हळूच विचारलं, "आन् बाकीचे?"

"आलेत की," तो म्हणाला, आणि आंधळ्यांकडे बघावं तसं त्यानं आमच्याकडे बघितलं.

सगळी कार्डं संपल्यावर त्यानं फाटकाची दोन्ही दारं उघडली. "बाजूला व्हा. पहिली पाळी सुटतेय."

माझे मामा उधळलेल्या बैलाला वाट देत नसत. ते निमूट गटारात उतरले. मीही उतरलो. रस्त्यावरची धूळ जागची हलली नाही. माझ्या कोपराला मात्र काहीतरी लागलं, पत्र्याचं, कोमट, जेवणाच्या डब्यासारखं. मी थापा मारतो हे जगजाहीर आहे, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

कात्रज आल्यावर मामा मागून म्हणाले, "पैसं ऱ्हाऊ दे ब्यांकेत."

दुसऱ्या दिवशी तो शेअर चार रुपयांनी वाढला. त्यानंतर रोज वाढत गेला. मामा रोज किराणा दुकानातून फोन करायचे. "वाढला?" "वाढला, मामा." एवढं ऐकून ते फोन ठेवायचे. मामी त्यांना टोचायच्या, "भुताला भ्यालं, अन् दारातली लक्ष्मी घालवली."

आणि मी? जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते पेपरात छापलेल्या आकड्यापुढे रोज जरा जरा पुसट होत गेलं. दोनशे चाळीसला मी गुपचूप पन्नास शेअर घेतले. दलाल म्हणाला, "कारखाना आवडला वाटतं!"

मग एका सकाळी पेपरातल्या भावांच्या रकान्यात कंपनीचं नावच नव्हतं. जागा रिकामी राहिली असती तरी बरं वाटलं असतं. पण वरचं आणि खालचं नाव एकमेकांना चिकटलं होतं, मधे कधी कोणी उभंच नसल्यासारखं. दलालाच्या दाराला कुलूप होतं.

मी मामांना सगळं कबूल केलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आता दुसरं झाड दाव."

मी हडपसरच्या बाजूची पंप करणारी एक कंपनी शोधली. अहवाल खरखरीत कागदावर, फोटो एकही नाही, तिचं नाव कोणाच्या तोंडी नाही. एका शेअरमागे अकरा रुपये कमाई, शेअर शंभरच्या आत. "नऊ वर्षांत फिटतील," मी म्हणालो.

"नऊ वर्सं मी हाय," मामा म्हणाले.

पाळी सुटायच्या वेळी आम्ही तिथल्या फाटकासमोर उभे राहिलो. मामांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. भोंगा झाला, फाटक उघडलं, आणि एकदम घामाचा, ग्रीसचा वास घेऊन माणसांचा लोंढा बाहेर पडला. एकाच्या सायकलीचं हँडल मामांच्या बरगडीत बसलं.

"ए म्हाताऱ्या, डोळं फुटलं का? रस्त्यात कशाला मरतोयस?"

मामा बरगडी चोळत त्याच्याकडे बघत राहिले. माझं मनगट सुटलं.

"ह्येचं घी," ते म्हणाले. "एकदम नगं, वर्साला थोडं थोडं. अन् मी हाय तवर इकायचं न्हाय."